डाव्या अंगाची, उजव्या अंगाची

आमच्या घरी बैलांच्या झुली आई शिवायची, आणि त्या नेहमी जोडीनं. पोळ्याच्या मिरवणुकीत दोन बैल एकमेकांना खेटून चालतात, आतल्या बाजूची नक्षी घासून जाते, गोंडे तुटतात. म्हणून आई आरसे, कवड्या, गोंडे सगळं बाहेरच्या अंगाला लावायची. डाव्या बैलाची झूल डावीकडून नटलेली, उजव्याची उजवीकडून, आणि आतली बाजू नुसतं कापड. जगातल्या सगळ्या झुली अशाच असतात अशी माझी पक्की समजूत होती.

परभणीला मी कपड्यांचं डिझाइन शिकत होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकीनं एक विषय घेऊन सहा पोशाख करायचे, ते मैत्रिणींना घालायचे आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर त्यांना स्टेजवर चालवायचं, अशी रीत होती. कुणी मोर घेतला, कुणी लग्नसराई. एकीनं तर समुद्र घेतला. तिनं स्वतः येलदरीच्या धरणापलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं, पण हिंमत बघा! मी म्हटलं, आपण झूल घ्यायची.

मात्र नमुन्याला घरच्या झुली मागायच्या म्हणजे अण्णांना विचारणं आलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी बैलजोडी विकली होती. पेरणी, नांगरणी सगळं ट्रॅक्टरवर गेलेलं, त्यात त्यांचे गुडघे दुखायला लागलेले, दोन वेळचं वैरणपाणी होईना. त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी ते सकाळीच शेतात गेले ते दिवेलागणीला परतले, आणि ताटातल्या पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही. घरात बैल हा शब्दच बंद झाला.

तरी मी विचारलं. मी आहेच तशी, जिथं गप्प बसावं तिथं हमखास तोंड उघडणारी.

"माणसाला झूल घालायलीस?" अण्णा म्हणाले. "स्टेजवर? लोकं हसतील की."

"हसू द्या की मला."

"तुला हसले तर हसू दे. बैलाला हसू नये. जल्मभर राबायचं त्यानं, आन् तुमी त्याच्या कापडाची मस्करी करायची, व्हय?"

आई मध्ये पडली. ती म्हणाली, झुली मी शिवल्यात, द्यायच्या का न्हाई ते मी ठरवणार. तेव्हा अण्णांनी पेटी उघडली. पण बजावून सांगितलं, "कात्री लावायची न्हाई. आन् मी सोता येणार बघाया. एक जरी माणूस बैलाला हसलं, तर झुली घिऊन उठून येईन."

मला मार्कांची काळजी होतीच, पण त्या दिवसापासून ती दोन नंबरला गेली. अण्णा शेवटपर्यंत बसले पाहिजेत, एवढं एकच डोक्यात राहिलं.

ते महिने किती मजेत गेले म्हणून सांगू! मांजरपाट आणला, लाल, पिवळा, हिरवा रंगवला. हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत टाकला तर शेजारच्या इमारतीतल्या आजीबाई विचारायला आल्या, कुणाचं लगीन हाय? लांब जाकिटं, खांद्यावरून सुटलेल्या शाली, बैलाच्या कपाळावर बांधतात त्या मटाटीचे कमरपट्टे. माझी रूममेट गोंडे वळून वळून वैतागली आणि म्हणाली, "मला स्वप्नात शिंगं फुटायलीत." पण तीही हळूहळू माझ्याइतकीच हट्टी झाली, एक गोंडा वाकडा गेला तर उसवून पुन्हा करायची. आईला फोनवर सांगितलं तर ती हसत म्हणाली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण न्हाई पण गुण लागला."

मग मॅडम पोशाख बघायला आल्या. एक जाकीट उचलून त्यांनी इकडून तिकडून पाहिलं.

"छान आहे, पण अर्धंच झालंय की."

"अर्धं नाही मॅडम, पूर्ण आहे. ते उजव्या अंगाचं आहे."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की माणसाचे कपडे कुणी डाव्या-उजव्या अंगाचे शिवत नाही! मी आईकडं पाहत वाढले होते, मला त्यात वेगळं काही दिसलंच नव्हतं. पण आता मागे कोण सरणार? मी मॅडमना म्हटलं, मुली जोडीनं चालतील, मग अर्धं वाटणार नाही. त्या म्हणाल्या, बघ बाई, अर्धं वाटलं तर परीक्षक मार्क कापतील. वर्गानं माझं नाव 'उजवी' ठेवलं ते अजून आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, आईला घेऊन जिंतूरच्या बसनं आले. मूळ झुली आम्ही स्टेजच्या कडेला टांगल्या होत्या. अण्णा बरोबर त्यांच्याजवळच्या खुर्चीवर बसले. उठून न्यायला सोपं, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

माझी पहिली जोडी निघाली. काय दिसल्या म्हणता! दोन्ही कडांना आरसे चमकत होते, घुंगरं वाजत होती. हॉलमधले सगळे माना उंच करून बघायला लागले. स्टेजच्या टोकाला पोचल्या आणि, तालमीत शिकवल्याप्रमाणं, दोघी जागच्या जागी गर्रकन वळल्या.

तालीम आम्ही पंजाबी ड्रेसवर केली होती. वळल्याबरोबर उजवी डावीकडं गेली आणि डावी उजवीकडं. सगळी नक्षी आत आली, बाहेर नुसता मांजरपाट, आणि एकीचे गोंडे दुसरीच्या कवड्यांत अडकले. दोघी ओढताहेत, सुटत नाही. मागून कुठला तरी पोरगा बैल हाकल्यासारखा ओरडला, "हुर्रर्र!" आणि सगळा हॉल हसला.

अण्णा उठले.

संपलं, आता झुली उतरवणार आणि चालू लागणार. मी पडद्याआडून हात करायला लागले, पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते स्टेजकडं बघत होते. आणि शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचावा असा आवाज त्यांनी काढला.

"अगं, जाग्यावर काय गरगर फिरायल्यात? बैल असा वळत असतो व्हय? जोडीनं वळा, जोडीनं! उजवी, तू हुबी ऱ्हाय. डावी, तू फिरून ये!"

डावी मुलगी गंगाखेडकडची, बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्यांच्या घरची. तिला क्षणात कळलं. तिनं गोंडे सोडवले, दोघी पुन्हा समोर तोंड करून उभ्या राहिल्या. मग उजवी जागेवर हळूहळू वळत राहिली आणि डावी तिच्याभोवती मोठा वळसा घेऊन आली. नांगराचं तास संपल्यावर जोडी वळते ना, अगदी तशी. आरसे पुन्हा बाहेर आले आणि वळताना सगळ्या हॉलभर त्यांची तिरीप फिरली.

"हां! आत्ता!" अण्णा म्हणाले.

लोक पुन्हा हसले, पण या वेळी टाळ्या वाजवत हसले. दुसरी जोडी आली, तिसरी आली, त्या वळायच्या जागी आल्या की सगळा हॉलच ओरडायचा, "जोडीनं!" मघाचा हुर्रर्र करणारा पोरगा सगळ्यात मोठ्यानं. परीक्षकबाई हसून लिहीत होत्या. अण्णा शेवटपर्यंत उभेच होते, मागच्यांना दिसत नसेल याचं त्यांना काही भान नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी रूममेटला मिठी मारून तिचा श्वास कोंडला.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा मागं आले. सहाही जणी अजून पोशाखातच होत्या. अण्णांनी एकीचा उलटा पडलेला गोंडा सरळ केला, दोन पावलं मागं सरले आणि टोपी नीट करून सगळ्यांना हात जोडले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मुलींना ते साधं बोलावणं वाटलं. "येतो ना काका," त्या म्हणाल्या. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून झाले की शेतकरी त्यांच्या कानात हेच म्हणतो. जोडी विकल्यापासून अण्णांच्या तोंडून हे शब्द निघाले नव्हते. आईनं पदर तोंडाला लावला. मी तर सगळ्यांदेखत रडले, हसतही होते.

दुसऱ्या दिवशी सहाही जणी घरी आल्या. आईनं पुरण घातलं होतं. अण्णांनी आधी त्यांना वाढलं, आणि त्यांचं पोटभर झाल्यावर स्वतः जेवायला बसले.