उलटा खिळा

मी लिहायला बसावे हीच आगळीक आहे. माफ करा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आणि माझी मराठी कुंभकोणमच्या एका घराच्या चार भिंतींतली — दाराबाहेर पडलो की तमिळ. पण हे तमिळमध्ये सांगता येत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे, त्यांना इथे सगळे ओळखतात. आजवर कोणालाच सांगितलेले नाही.

देवसहायम अय्या चर्चमागच्या गल्लीत राहायचे. कॉलेजात मी बायबलची जुनी भाषांतरे आणि छपाई हा विषय घेतला होता, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पणजोबांचे वडील मराठी पंडित. मिशनच्या छापखान्यात शुभवर्तमानाची मोडीतली मुद्रिते, म्हणजे छपाईचे कच्चे नमुने, तपासायचे. बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरच्यांनी त्यांचे जिवंतपणीच श्राद्ध घातले. पुढच्या पिढ्या तमिळ झाल्या. उरले एकच मुद्रित — आणि त्याच्या समासात पंडितांनी शाईने लिहिलेली मोडीची एक ओळ. घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती.

“वाच, तंबी,” अय्या म्हणाले. “का तुम्ही मराठ्यांनी तंजावरच्या राजवाड्यातलं सांबार तेवढं सांभाळलंत आणि लिपी हरवलीत?”

मला मोडी येत नाही — चार शब्द. बोलायला काय लागते? पण मला मोडी येणारच, असे ते धरूनच चालले होते. बायकोला हाक मारून त्यांनी सांगितले, पंडितांच्या भाषेतला मुलगा आलाय, कॉफी आण. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला शिकलेला समजत होते. मी ओळीवर बोट ठेवले. हळूहळू सरकवले — हो, एवढे नाटकसुद्धा केले — आणि म्हणालो, “आई, मी तुला विसरलो नाही.”

अय्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. मग कोरा कागद पुढे केला. “मोठ्या अक्षरात लिहून दे. तुमच्या लिपीत.”

मी नागरीत लिहून दिले. वळणदार.

पुढच्या वर्षी मी खरेच मोडी शिकलो, तंजावरला, दर रविवारी बसने जाऊन. त्या पानाचा फोटो फोनमध्ये होता. ओळ अशी होती — ‘हा खिळा उलटा बसला, काढून सरळ बसवावा.’ खिळा म्हणजे छपाईचे शिशाचे अक्षर. बस. एवढेच. आई नाही, आठवण नाही.

तेव्हा तरी जायचे होते ना? दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. एकदा त्यांनी लांबूनच हाक मारली, “अहो पंडित!” — आणि मी सायकल वळवली. त्यांचे मन मोडू नये म्हणून गप्प राहिलो, असे मी स्वतःला सांगत असे. तेही खोटे. मला पंडित राहायचे होते.

काल त्यांच्या मुलीचा फोन आला. अय्या गेले, त्याला महिना झाला. तो कागद त्यांनी बायबलमध्ये जपून ठेवला होता; थडग्यावर हीच ओळ हवी, असे सांगून गेले. दगड घडवणाऱ्याला नागरी येत नाही. म्हणून त्याने माझा कागद दगडावर ठेवून एकेक अक्षर जसेच्या तसे कोरले. दगड परवाच बसवला.