राहून गेलेली रिंग

आपल्या वस्तूला परक्याने हात लावलेला मुरलीधर सबनीसांना सोसत नसे. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत ते क्वालिटी मॅनेजर. अल नहदातल्या फ्लॅटमधला गीझरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय तापत नाही, असं त्यांच्या पत्नी हेमाताई म्हणत.

त्या शनिवारी भाचीचं डोहाळजेवण होतं, डिस्कव्हरी गार्डन्सला. सगळे नटून खाली उतरले, तर गाडीखाली हिरवं पाणी. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप उन्हाने तडकला होता.

"टॅक्सी बोलावते," हेमाताई म्हणाल्या.

"टॅक्सी कशाला? इंजिन गार आहे, आत्ता बदलतो."

दुकानातून नवा पाइप आला, पण जुना काही केल्या सुटेना. मुरलीधरांनी बंपरला पाय लावून हिसका दिला. पाइप सुटला, ते मागे आपटले आणि उरलंसुरलं हिरवं कूलंट पांढऱ्या झब्ब्यावर उडालं.

"बाबा, यू लुक लाइक अ पॅरट!" कॉलेजात जाणारी इशिता खिदळली.

नवा पाइप त्यांनी दात-ओठ खात दोन्ही टोकांना चढवला. "खलास!"

"देन व्हॉट इज धिस?" इशिताने बॉनेटच्या कडेवरची लोखंडी रिंग उचलली. पाइप आवळून धरणारी ही रिंग आधीच त्यात ओवायला हवी होती. मुरलीधरांनी रिंग तिच्या हातातून घेतली. पाइप पुन्हा काढला.

या खेपेला रिंग ओवली, पण ती सरकवायची जागा अशी अडचणीची, की त्यांचा पंजाच आत जाईना.

"सरका बघू." हेमाताईंनी पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि पक्कड घेऊन हात आत घातला. "बसली."

मुरलीधरांनी पाइप हलवून, ओढून पाहिला. खोट सापडेना. कूलंट भरलं, गाडी सुरू केली, थेंब नाही.

डोहाळजेवणात त्यांनी ही कथा सगळ्यांना रंगवून सांगितली. रिंगेपाशी आल्यावर मात्र 'मी'चं 'आम्ही' झालं. तेवढ्यात भाचीचा नवरा विजयकुमार म्हणाला, "मामा, माझ्याही गाडीखाली पाणी पडतंय. जरा बघता?"

मुरलीधर उठले, थबकले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"मामीला विचार. तिला कळतं त्यातलं."

हेमाताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग ओटी भरायची थांबवून जरीच्या साड्यांचा अख्खा घोळका पार्किंगमध्ये उतरला. हेमाताईंनी वाकून पाण्याला बोट लावलं, वास घेतला आणि जाहीर केलं, "काही झालेलं नाही. एसीचं पाणी आहे."