फेस झालेल्या मुलीची गोष्ट

आगरदांड्याजवळच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी विशीतली होते. माहेर माणगावकडचं, भातशेतीचं. समुद्र मी लांबूनच पाहिलेला. शाळा सुटली की करमायचं नाही, म्हणून मासळी सुकवणाऱ्या बायकांत जाऊन बसायचे आणि त्यांना डेन्मार्क नावाच्या थंड देशातल्या परीकथा सांगायचे. बर्फ म्हणजे लाँचमधून मासळीसाठी येतो तोच, पण तिकडे तो आभाळातून पडतो, असं समजवावं लागे.

त्या दिवशी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या राजकन्येची गोष्ट सुरू केली होती. नारळी पौर्णिमेनंतर होड्या नुकत्याच बाहेर पडू लागल्या होत्या. राजकन्येनं बुडणाऱ्या राजपुत्राला वाचवलं, माशाच्या शेपटीऐवजी पाय मिळावेत म्हणून आवाज देऊन टाकला, इथवर मी आले आणि वारा फिरला. बायकांनी भराभर बोंबील टोपल्यांत भरले. आम्ही सगळ्या छपराखाली आलो. एकेक होडी किनाऱ्याला लागू लागली. एक मात्र आली नाही. माझ्या शेजारी एक पोटुशी पोर बसली होती, तिचा नवरा आणि सासरा त्या होडीत होते.

मी गोष्ट तिथंच थांबवली.

"पुढं सांगा, बाई," तिची सासू म्हणाली.

"आज राहू दे, मावशी."

"सांगा. नुसतं पाण्याकडं बघून काय करू?"

मग मी सांगत राहिले. राजपुत्रानं दुसरीशीच लग्न केलं. राजकन्येच्या बहिणी सुरी घेऊन वर आल्या. सूर्य उगवायच्या आत त्याला मार, म्हणाल्या, म्हणजे तू परत आमच्यात येशील. नाहीतर पाण्यावरचा फेस होशील.

"मारायचा मेल्याला!" मागून कोणीतरी म्हणालं.

"तिला घर हाय ना पाण्यात? मग जावं की परत," दुसरी म्हणाली.

पोरीनं समुद्रावरून नजर हटवली नाही. "बुडताना तिनंच वाचवला त्याला. आता कशी मारंल?"

लाटा धक्क्यावर आपटून छपरापर्यंत पाणी उडत होतं. सासूनं माझं मनगट धरलं.

"ती पाण्यातली पोर मरते का, बाई?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणणं सोपं होतं. पण तिची पकड इतकी घट्ट होती की मला खोटं बोलता येईना.

"व्हय," मी म्हणाले. "सुरी पाण्यात फेकते. आणि फेस होते."

"तोंड आवरा, बाई!" एकजण उसळली. "हिचा माणूस पाण्यात हाय आन् तुम्ही..."

"मीच इचारलं," सासू म्हणाली. "त्यांना बोलू नको."

पोर उठली आणि भर वाऱ्यात धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले. अंधार पडला तेव्हा सासूनं दोघींना हाताला धरून घरी नेलं.

सकाळी खाडीपलीकडच्या दिघी बंदराच्या बाजूनं एक होडी येताना दिसली. तिला डोलकाठी नव्हती. दोघंजण वल्ही मारत होते. वादळात काठी मोडली म्हणून रात्री त्यांनी दिघीचा आसरा घेतला होता. पोर सरळ कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि होडीचा काठ दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"पोटुशी बाय तू, बाहेर हो!" सासरा ओरडला. तिनं काठ सोडला नाही.

दोन दिवसांनी ती शाळेच्या दाराशी आली. म्हणाली, "बाई, आता जमिनीवरची एखादी गोष्ट सांगा."

मी हो म्हणाले, तिला आत बसवलं आणि आमच्याकडच्या भातशेतातली एक गोष्ट सुरू केली.