फिलूने पारखलेली गाडी

फोन प्रकाशने उचलला होता. माझा नवरा सहसा फोन घेत नाही. पक्षाघात झाल्यापासून त्याला शब्द सापडायला वेळ लागतो आणि पलीकडच्या माणसाला तेवढा धीर नसतो. त्या सकाळी माझे हात कणकेत होते म्हणून त्याने घेतला. थोड्या वेळाने तो फोन धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “फिलू…” पुढे काही येईना. मी आपली नेहमीसारखी करवादले, “सांग तिला, हात धुऊन करते फोन. सकाळी सकाळी हिला काय सुचतं!” तो तसाच उभा. शेवटी पिठाच्या हातानेच मी फोन कानाला लावला, तर पलीकडे फिलूची मुलगी रीना रडत होती. तिची आई झोपेतच गेली होती. आजार नाही, तक्रार नाही, आदल्या दिवशी माझ्याशी चांगली भांडून घरी गेलेली बाई… या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजूनही फोन वाजला की मी आधी वैतागते आणि मग आठवतं.

फिलोमिना तिचं पूर्ण नाव. उत्तनच्या होडीवाल्या ख्रिस्ती घरातली. मीरा रोडच्या एका शाळेच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारीशेजारी होती. खिडकीशी आलेल्या पालकांशी ती हिंदीत बोलायची, मुख्याध्यापिकेशी इंग्रजीत, माझ्याशी मराठीत, पण भांडायची मात्र सगळ्यांशी आपल्या उत्तनच्याच बोलीत. मी दादरला वाढलेली, लग्नानंतर इथल्या शांती नगरला आले, म्हणून मला ती ‘दादरवाली’ म्हणायची. मी कशाला नाक मुरडलं की लगेच, “ए दादरवाली, नाकाने कांदे सोलू नको. तुझा दादर आता तिकडे ऱ्हायला!” अशी बाई शेजारी असली की माणसाला स्वतःचं फार कौतुक वाटेनासं होतं, आणि ते बरंच असतं.

प्रकाशला पक्षाघात झाला तेव्हा तो चोपन्नचा होता. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. घरच्या घरी व्यायाम करून तो काठीने चालायला लागला खरा, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हात सुधारायचा असेल तर ठाण्याच्या फिजिओथेरपी केंद्रात आठवड्यातून तीनदा जायला हवं, आणि आत्ताच जायला हवं, नंतर उपयोग नाही. पहिल्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. उतरताना त्याचा पाय अडकला. रस्त्यावरची दोन माणसं धावली, त्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि एकजण दुसऱ्याला म्हणाला, “चाचाजी को संभाल के, संभाल के.” बिचारे मदतच करत होते. पण हा माणूस वर्षभरापूर्वी स्वतः गाडी चालवत आम्हाला गणपतीपुळ्याला घेऊन गेला होता. घरी आल्यावर तो खिडकीशी बसला आणि म्हणाला, “आता… नाही… कुठेच.” झालं. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. शाळेच्या टॅक्सीवाल्याला सांगून बघितलं, मोबाइलवरून गाडी बोलावून बघितली, गाडी खाली उभी राहायची आणि हा वरून हलायचा नाही. परक्या माणसासमोर बसण्या-उतरण्याची त्याला धास्ती बसली होती. आपली गाडी असती आणि मी चालवली असती, तर आला असता. आमची जुनी गाडी तर आजारपणात विकून टाकलेली, आणि मला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे आडात नाही आणि पोहऱ्यातही नाही!

नवी गाडी परवडण्यातली नव्हती. जुन्या गाड्यांत बसायला उंच, दार रुंद, अशी जी काही आमच्या ऐपतीत होती ती सगळी डिझेलची, दहा वर्षांच्या आसपासची. मग सल्ले सुरू झाले. माझा भाऊ म्हणाला, “डिझेल? ताई, वेड लागलंय का तुला? एकदा पंप गेला की गाडीपेक्षा दुरुस्ती महाग.” सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की म्हणायचे, “बेन, डिझेल मत लो. दिल्ली में बंद कर दिया, कल इधर भी करेंगे.” कुणी म्हणे आठवड्यातून तीनदा ठाण्याला जाणार असाल तर डिझेलच बरी, कुणी म्हणे धूर काढत मधेच उभी राहिली तर पेशंटला घेऊन काय करणार? हा शेवटचा प्रश्न माझाही होता. ठाण्याच्या वाटेवर, घोडबंदरच्या चढावर गाडी बंद पडली आणि पुन्हा दोन माणसांनी प्रकाशला उचलून बाजूला बसवलं, तर तो जन्मात परत खाली उतरला नसता. एकच संधी होती. चुकून चालणार नव्हतं.

हे सगळं मी टेबलावर डोकं ठेवून फिलूला सांगितलं. ती म्हणाली, “मला इंजिनातलं काय कळत न्हाय. पण जुनी वस्तू कशी घेतात ते मला कळते. मी येते.” तिच्या घरात जुन्या होड्या घेतल्या-विकल्या जायच्या आणि वयाच्या विशीत तिने भावाचा मासळीचा टेम्पो चालवला होता. एवढ्या भांडवलावर ती तज्ज्ञ! पण दुसरं होतं कोण?

पहिली गाडी हाटकेशला बघितली. एका शेडबाहेर लावलेली, लालबुंद, चकाचक पुसलेली. खरं सांगते, रंग बघूनच मी मनातल्या मनात ती घेऊन टाकली होती. फिलूने गेल्या गेल्या पोराचा ताप बघावा तसा बॉनेटवर हात ठेवला. “गरम हाय.” विक्रेता म्हणाला, “मैडम, अभी धो के लाया ना.” “धो के लाया या गरम करके रखा?” थंड इंजिन सकाळी कसं सुरू होतं, किती धूर सोडतं, ते आम्हाला दिसू नये म्हणून त्याने आधीच सुरू करून ठेवली होती, असं तिचं म्हणणं. मग ती आत बसली आणि सीटबेल्ट ओढायला लागली. ओढते आहे, ओढते आहे, अगदी शेवटपर्यंत. टोकाकडचा पट्टा मातकट निघाला. आमच्याकडे पावसात कुठल्या गल्लीत किती पाणी भरतं हे काय कुणाला सांगायला हवं? ती गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी राहिलेली होती. विक्रेता वर आवाज चढवून आम्हालाच म्हणाला की तुम्हाला घ्यायचीच नाही, आमचा वेळ खाताय. चोराच्या उलट्या बोंबा! फिलूने त्याला आपल्या बोलीत जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

दुसरी गाडी भाईंदर पश्चिमेला, किशोरभाई म्हणून एका निवृत्त गृहस्थांची. स्वतः वापरलेली, एकहाती. पांढरी, उंच, दारं रुंद, मनासारखी. बॉनेट थंडगार. पण हे किशोरभाई अजबच. मी काही विचारायच्या आधीच ते स्वतःच्या गाडीचे दोष सांगायला लागले. “पुरानी है बेन. डिझेल है, आवाज करेगी. एवरेज भी अब वैसा नहीं. आप पेट्रोल देखो ना.” मला वाटलं, मालकच असं म्हणतोय तर आत काय काय सडलेलं असेल! मी फिलूला कोपराने ढोसलं, चल म्हणून. ती म्हणाली, “मला तहान लागली हाय,” आणि सरळ वर त्यांच्या घरात, तेही बाहेरच्या खोलीत नाही, आत स्वयंपाकघरात जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या घरात ही काय रीत? पण ती रीतच होती, हे तिने मला नंतर सांगितलं. तिचे वडील जुनी होडी बघायला गेले की आधी तिच्या आईला त्या घरच्या चुलीपाशी पाठवायचे. “होडी कशी हाय ते नाखवा सांगणार न्हाय, त्याची बायको सांगते. होडीला यायला उशीर झाला की दारात कोण उभी ऱ्हाते? तिला एकेक दिवस याद असतो.”

किशोरभाईंच्या बायकोने, ज्योत्स्नाबेननी, पाण्याबरोबर चहाही ठेवला. फिलूने गाडीचं नावही काढलं नाही. गुडघे, मुलं, सून, मासळी न खाणाऱ्यांचं कसं होतं, असं सगळं बोलून झालं आणि मग सहज विचारलं, “ह्यांना गाडीतून घरी यायला कधी उशीर झालाय काय हो?” ज्योत्स्नाबेननी हातातली कपबशी खाली ठेवली. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “जुओ ने बेन, एवढ्या वर्षात गाडीने एकदा पण नाही थांबवलं. गाडी एकदम सारी, चांगली आहे. ह्यांना दिसत नाही आता. डोळ्याचं प्रेशर आहे. एकदा फुटपाथवर चढवली, म्हणून मुलाने विकायला काढली. पण जो येतो त्याला हे असंच सांगून पाठवून देतात… आणि सकाळी खाली जाऊन नुसते आत बसतात.”

मला आमच्या खिडकीशी बसलेला प्रकाश दिसला. फिलू मात्र उठली, बाहेर गेली आणि किशोरभाईंना म्हणाली, “अंकल, गाडी मेरे को नहीं चाहिए, इसको भी नहीं. जिसको चाहिए वो घर से नीचे नहीं उतरता. आप उसको मिलने चलो, मैं चलाती.” एवढं बोलून किल्लीसाठी हात पुढे केला! मी म्हटलं, आता हे हाकलून देणार. किशोरभाईंनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मग चपला पायात सरकवून म्हणाले, “क्लच थोडा ऊपर है, ध्यान रखना.”

गाडी आमच्या इमारतीखाली उभी राहिली. मी वर जाऊन प्रकाशला सांगितलं, “एक गृहस्थ आलेत. त्यांना आता दिसत नाही, गाडी चालवता येत नाही. कुणाला द्यायची ते त्यांनी ठरवायचंय. तू बघून घे म्हणतात.” त्याने खिडकीतून खाली उभी असलेली गाडी बघितली. मग त्याने काठी मागितली. लिफ्टपासून गाडीपर्यंत मी त्याला हात लावला नाही. फिलूने डोळे वटारून मला लांब उभं केलं होतं. सीट बरोबर कमरेच्या उंचीला. त्याने पाठमोरं होऊन बूड टेकवलं, डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घेतला आणि बसला… आपला आपण बसला. फिलूने उतरून ड्रायव्हरची जागा किशोरभाईंना दिली होती. त्यांनी गाडी सुरू केली, चालवली नाही, नुसती सुरू ठेवली आणि म्हणाले, “सुनो.” दोघं माना खाली घालून तो आवाज ऐकत बसले. किती वेळ, कोण जाणे. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. शेवटी प्रकाश काच खाली करून मला म्हणाला, “घेऊ…या.” वर्षभरात त्याने ठरवलेली ती पहिली गोष्ट होती.

फिलूच्या हट्टाने मेकॅनिकलाही गाडी दाखवली, कागद तपासले, भाऊ कुरकुरला, सेक्रेटरींनी मान हलवली आणि गाडी आमची झाली. मला चालवायला शिकवलं तेही फिलूनेच, शाळा सुटल्यावर, उत्तनच्या रस्त्यावर. क्लच सोडताना मी धक्का दिला की म्हणायची, “दादरवाली, गाडी हाय ती, उखळ न्हाय!” मी रडकुंडीला आले की त्याहून मोठ्याने ओरडायची. आता गाडी जुनी आहे, खर्च काढते. एकदा रेडिएटरने रडवलं, ते घराखालीच, देवाची कृपा. पण ठाण्याच्या केंद्राची एकही फेरी आमची चुकली नाही. प्रकाशचा उजवा हात आता पेला धरतो. किशोरभाई दर दिवाळीला ज्योत्स्नाबेनना घेऊन येतात, प्रकाशच्या जागेवर बसून एक चक्कर मारतात आणि मी चौथा गिअर उशिरा टाकते म्हणून मला रागे भरतात.

गेल्या रविवारी चर्चमध्ये फिलूच्या नावाची महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. मग तिच्या घरी जायचं, तर गल्ली अरुंद, गाडी चर्चपाशीच ठेवावी लागली. प्रकाश काठी टेकत माझ्यापुढे चालत गेला. सुकायला टाकलेली जाळी बायकांनी त्याच्यासाठी बाजूला ओढली. रीना दारात होती. लोक तिच्याजवळ जाऊन, आई किती चांगली होती, किती हसायची, असं बोलत होते. प्रकाश तिच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता अडकणार, आणि मी त्याच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. त्याने हात वर करून मला थांबवलं. शब्द शोधायला त्याने लागेल तेवढा वेळ घेतला, मागे माणसं खोळंबली तरी घेतला. आणि म्हणाला, “तुझ्या आईने… मला… घराबाहेर काढलं.”

निघताना रीना आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली. दार उघडलं आणि ती थबकली. दोन सीटच्या मध्ये एक लहानशी उशी असते, निळ्या फुलांच्या कापडाची. फिलू बुटकी, मला शिकवताना मधेमधे स्वतः चालवून दाखवायची तर पुढचं दिसायचं नाही, म्हणून तिने ती शिवून आणली होती. मी शिकल्यावर ती तिथेच राहिली आणि प्रकाशचा उजवा हात तिच्यावर टेकायला लागला. “आईचा फ्रॉक,” रीना उशीच्या कापडावरून बोट फिरवत म्हणाली. “घरी शोधत होते मी हा.” मी घाईघाईने उशी उचलून तिच्या हातात दिली. तिने ती तोंडाजवळ धरली. प्रकाश बसल्यावर मग वाकून तिने त्याचा उजवा हात उचलला, उशी त्याच्याखाली सरकवली आणि दार लावून घेतलं.