बापूकाकांची ढिली काच

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांकडे ट्रंककॉल आला. भाऊ म्हणाला, "बापूकाका गेले," आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "काहून?" खरं तर हा प्रश्न त्यांचाच. आसगावचे माझे हे काका धानाची शेती करायचे आणि उरलेला वेळ 'काहून' विचारायचे. मोटारपंप काहून खोकते, बेडूक काहून फुगते... उत्तर मिळेस्तोवर माणूस जेवायचा नाही.

मी भंडाऱ्याला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. काकूंकडे त्यांच्या आईचा रॉकेलचा पितळी दिवा होता. भाऊबीजेला आंधळगावहून त्यांचे भाऊ आले, की तो लावूनच काकू ओवाळायच्या. त्या वर्षी काकूंची आई वारली होती. आणि दिवाळी तोंडावर असताना, तापल्या काचेवर थेंबभर पाणी टाकलं तर काय होते, हे बघायच्या नादात काकांनी काच तडकवली! "माझ्या मायची एवढीच वस्तू होती जी माझ्यापाशी," एवढं बोलून काकूंनी अबोला धरला. मापासाठी दिवा मागितला, तर तोही त्यांनी घराबाहेर नेऊ दिला नाही. मग काकांनी बांधालगतच्या हिरव्या धानाची काडी घेऊन दिव्याच्या तोंडाएवढं कडं विणलं, खिशात घातलं आणि एसटीनं माझ्याकडे आले.

तीन दिवस आम्ही बाजार पालथा घातला. वीज आल्यावर एवढ्या मोठ्या काचा ठेवतो कोण? शेवटी एकाने माळ्यावरून धुळीनं माखलेली एक काढली. ती कड्यात चपखल बसली. "भेटली व पोरी!" काका भर दुकानात ओरडले.

आम्ही आसगावला परतून काच दिव्यात ठेवली, तर डुगडुग हलायला लागली. काकूंनी अबोला मोडून कपाळावर हात मारला. "अवो, ओल्या काडीचं माप नेते काय कोणी? सुकली ना ते खिशात!" जन्मभर धान कापणारा माणूस! दुसरा खजील झाला असता. काकांनी नवी काडी आणली, तसंच कडं विणून उन्हात ठेवलं आणि समोर बसले. मला तर असा राग आला! भाऊबीज परवावर आणि हे गृहस्थ गवत राखत बसलेत. थोड्या वेळानं म्हणाले, "पाह्य व पोरी, आकसूनच राहिलं!" आणि काकू हसल्या... आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग दिवा स्वतःच पदरात गुंडाळला. "चला. मीबी येते."

भंडाऱ्याच्या पितळी भांडेवाल्यानं मधली फट भरून काढणारं पातळ कडं घडवून दिलं. भाऊबीजेला दिवा लागला. काच किंचित तिरपी, पण काकूंनी त्याच दिव्यानं भावाला ओवाळलं.

पुढे काही वर्षांनी काकांना अगदी मापाची काच सापडली. कोण आनंद त्यांना! काकू म्हणाल्या, "ठेवून द्या. हे फुटन त ते लावू."

तेरवीच्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. काकूंनी तोच दिवा घेतला, तिरपी काच पदरानं पुसू लागल्या. फळीवर कागदात गुंडाळलेली दुसरी काच तशीच होती. "काकू, आता तरी ती मापाची लावायची ना?" मी विचारलं.

"हे फुटन त लावू, असं ठरलं होतं आमचं." त्यांनी काच दोन्ही हातांनी अलगद कड्यात बसवली. "मी काहून फुटू देईन?"