सव्वीस घरांचा एक ओटा

बाळांनो, माझ्या नोकरीतल्या पुष्कळ प्रकरणांचे आता फक्त गुन्हा नंबर आठवतात. या एका प्रकरणातलं मात्र सगळं लख्ख आठवतं, तक्रारदार बाईंच्या पिशवीच्या रंगासकट. यात पाठलाग नाही, हत्यार नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण त्यातली निम्मी माणसं अजून मीरा-भाईंदरमध्येच राहतात.

मी तेव्हा आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारी निरीक्षक होते. सोमवार सकाळ होती. हजेरी झाली होती, टपाल फोडत होते, तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात भांडी पॅक करायच्या. परळची खोली विकून त्यांनी आणि नवऱ्याने चेणे गावाच्या बाजूला एका नव्या इमारतीत ३०१ नंबरचा फ्लॅट घेतला होता, एका पैशाचं कर्ज न काढता. आणि आता मुंबईतल्या एका बड्या गुंतवणूक बँकेने त्यांच्या दारावर नोटीस चिकटवली होती: या फ्लॅटवरचं कर्ज थकलं आहे, बँक घराचा ताबा घेणार. कर्जदार म्हणून भलत्याच माणसाचं नाव होतं. बाईंनी ती नोटीस चाकूने इतकी जपून सोडवली होती, की मागे दाराचा रंग निघून आला होता.

मी कागद वाचला आणि ज्या वाक्याने आम्ही निम्मे अर्ज परत पाठवतो ते बोलले. ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा.

त्या उठल्या नाहीत. "मॅडम, हा माणूस माझ्या घरात राहतो असं यात लिहिलंय. मग मला तरी दाखवा तो. भाडं तरी मागते त्याच्याकडे."

माझे हवालदार हसले. मलाही हसू आलं, आणि अर्ज ठेवून घेतला.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून दस्ताची नोंद मागवली, तेव्हा घर बाईंच्याच नावावर निघालं. बँकेकडच्या करारावरचा नोंदणी क्रमांक भलत्याच दस्ताचा होता. म्हणजे करार बनावट. पण त्यावर एवढ्या मोठ्या बँकेने पैसे दिले कसे, याचं मला फार कुतूहल वाटलं. गुन्हा दाखल करून मी बँकेत गेले.

तिथला अधिकारी तिशीचा, फार सभ्य. त्याच्या धंद्यातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून सरळ वही काढून बसले. त्याने समजावलं, की कर्ज बँकेने दिलेलंच नव्हतं. एक लहान वित्त कंपनी घरांसाठी कर्जं देई, हजारो कर्जांचा गठ्ठा बांधून बँकेला विकी, आलेल्या पैशातून पुन्हा कर्जं देई. त्या वर्षी कर्जाचा बाजार एकाएकी आटला. कंपनीला नवा पैसा मिळेना, आणि नेमके तेव्हाच हप्ते यायचे थांबले. आता बँक गठ्ठा सोडून आत काय आहे ते पाहत होती.

"यातली किती घरं तुम्ही पाहिलीत?" मी विचारलं.

"घरं आम्ही नाही पाहत, मॅडम. कागद पाहतो." मग जरा सावरून म्हणाला, "पण कागद फार बारकाईने पाहतो."

बँकेचं एकूण किती अडकलं आहे, या प्रश्नावर त्याने आवाज खाली आणला. ते अजून त्यांनाही सांगता येत नव्हतं.

बाईंच्या इमारतीतल्या सव्वीस फ्लॅटची कर्जं त्या गठ्ठ्यात होती. सव्वीसही फाइली आणून मी टेबलावर मांडल्या. प्रत्येकीत मूल्यांकन करणाऱ्या इंजिनीअरचा अहवाल आणि स्वयंपाकघराचा फोटो होता. घर राहण्याजोगं झाल्याचा तोच पुरावा, त्याशिवाय कर्जाची पूर्ण रक्कम सुटत नाही. आमचे हवालदार तारोडी नावाच्या खेड्यातले, त्यांचं बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. फोटो चाळून ते म्हणाले, "मॅडम, फोटो एवढे हाय, पन माणूस एकात न्हाय."

मला खटकत होतं ते वेगळंच. सगळ्या फोटोंत ओटा डावीकडे होता. तुमचे आजोबा आणि मी सरकारी क्वार्टर धरून सात घरांत राहिलो. शेजारशेजारच्या दोन घरांत पाण्याचा पाइप एकाच भिंतीतून जातो, म्हणून एकाचा ओटा डावीकडे असेल तर दुसऱ्याचा उजवीकडे. सव्वीस घरांत सगळे ओटे डावीकडे असतील कसे? भिंग घेतलं. प्रत्येक ओट्याच्या कोपऱ्याचा त्रिकोणी टवका उडालेला होता.

बाईंना बोलावून फोटो दाखवला. त्यांनी चष्माही लावला नाही. "हा तर माझा ओटा. पाटा चढवताना ह्यांच्या हातून सुटला, तेव्हाचा टवका आहे तो." मग हळूहळू आठवलं. दोन वर्षांपूर्वी टेप घेऊन एक साहेब आले होते. सोसायटीची मोजणी आहे म्हणाले, भांडी काढून ओटा मोकळा करायला सांगितला. बाईंनी तो पुसूनसुद्धा दिला होता.

इंजिनीअरला चौकशीला बोलावलं. दोन तास तो एकच सांगत होता, की आपण प्रत्येक फ्लॅट जाऊन पाहिला. अशा माणसाशी पैशाबद्दल बोलू नये, उत्तरं तो पाठ करून आलेला असतो. मी कोरा कागद पुढे केला आणि ४०१ चा नकाशा काढायला सांगितला. त्याने झरझर काढला. मग ४०२ चा काढायला सांगितला.

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"ओटा कुठल्या बाजूला येतो, साहेब?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मॅडम, ४०२ मध्ये ओटाच नाही. नुसत्या भिंती आहेत."

पुढचं भराभर बाहेर आलं. बिल्डरने मजुरांची कागदपत्रं घेऊन त्यांना कर्जदार दाखवलं होतं. वित्त कंपनीच्या शाखाधिकाऱ्याला महिनाअखेर फाइली हव्या असत. जुन्या कर्जांचे हप्ते नव्या कर्जांतून जात. नवी थांबली आणि सगळं उघडं पडलं. बाईंच्या घराचं काय, असं विचारलं तेव्हा इंजिनीअरने तेही सांगितलं. एका फाइलीत दाराचा फोटोही लावला होता. त्यावरचा ३०१ बदलायचा राहून गेला, म्हणून त्याच नंबरचा करार बनवला होता.

तिघांना अटक झाली. बँकेने नोटीस मागे घेतली. ते पत्र इंग्रजीत होतं, म्हणून बाई ते माझ्याकडे घेऊन आल्या. घरावर बँकेचा कसलाही हक्क नाही, असं मी मराठीत सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग बाकीच्या पंचवीस घरांचं विचारलं. ती कुणी विकत घेईना, बँकेने तेवढा तोटा सोसला, असं मी म्हटलं.

"पण पैसा होता कुणाचा?"

मी बँकेतल्या अधिकाऱ्याला हेच विचारलं होतं. बँकेकडे पैसा गुंतवणाऱ्यांच्या त्याच्या यादीत विमा कंपन्या होत्या, निवृत्तीवेतनाचे फंड होते. म्हणजे दूरवरची नोकरदार माणसं. ते ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे माझा ओटा दाखवून त्यांचे पैसे नेले."

मी म्हटलं, ताई, त्यात तुमचा काय दोष?

"दोष नाय हो. पण भांडी काढा म्हणाला, तेव्हा कशाला ते मी विचारायला पाहिजे होतं."

तो गठ्ठा बांधणारी, तो भरवशाचा आहे असा दर्जा देणारी, विकत घेणारी केवढी शिकलेली माणसं मी त्या तपासात तपासली. आपण विचारायला हवं होतं, असं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत टेबलावर आलेला कागद कितीही नीटनेटका असला, तरी मी एकच चौकशी करत राहिले, की हे लिहिणारा तिथे गेला होता का. बहुतेक वेळा उत्तर मिळायला मला स्वतःलाच जावं लागलं.