तिने ताईच्या डाव्या हातात बांगड्या भरल्या नाहीत

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हसायचं, हा माझा रविवारचा टाइमपास होता. आम्ही बौद्ध, मूळचे रत्नागिरीकडचे. अंगारे-धुपारे, उतारे, नजर हे सगळं आईवडिलांनी गावीच सोडलं. त्यामुळे आज मीच इथे लिहितोय याचं मलाच हसू येतंय... खरं तर येत नाहीये.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मीरा रोडला पेणकरपाड्यात आमची चार मजली बिल्डिंग आहे. माझ्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर होतं आणि दुपारी तीनच्या सुमारास हॉलमध्ये बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. माझी मोठी बहीण, वंदनाताई, पण होती. ताई शाळेत शिक्षिका, डावखुरी. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली होती. अलीकडे तिची एक तक्रार असायची, "फळ्यावर लिहिताना गरगरतं रे." आम्ही बीपी मोजायचो – नेहमी उजव्या हातावर, कारण डाव्यावर मशीन एरर दाखवायचं. मी म्हणायचो, मशीनच भंगार आहे.

बांगड्या भरणारी साठीची असेल. बोलणं उत्तनच्या किनाऱ्याकडच्या बायकांसारखं. तिने ताईचा उजवा हात भरला, डावा हातात घेतला आणि थांबली. मनगट दाबून बघितलं, सोडलं, परत धरलं.

"ह्या हातात न्हाय भरत मी," ती म्हणाली.

मी दारातच उभा होतो. माझं डोकंच फिरलं. ताई विधवा म्हणून ही बाई नाही म्हणतेय, दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

"का नाही भरत? नवरा नाही म्हणून? माझ्या घरात हे चालणार नाही! उठा तुम्ही!"

"तसा न्हाय रं दादा. ह्यो हात उपाशी हाय. डोक्याचं चोरून खातो."

"बस्स! निघा आधी!"

माझी बायको सुजाता म्हणाली, "अहो, ऐकून तरी घ्या." मी कुठला ऐकतोय? ती बाई पैसेही न मागता टोपली उचलून गेली. मग मी विधवांच्या मानपानावर पाच मिनिटं लेक्चरही दिलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, अपमानाचं असेल. विधवेला बांगड्या नाकारायच्या असत्या तर तिने उजवा हात तरी का भरला असता? एवढी साधी गोष्ट त्या वेळी माझ्या टाळक्यात शिरली नाही.

तासाभराने दुसरी बाई आली, बांगड्यांची पेटी घेऊन. "सॉरी हां, ट्रॅफिक लय होता." आम्ही बोलावलेली बाई हीच होती. तिने कोणालाच पाठवलं नव्हतं. मग आधीची कोण? सुजाताला वाटलं होतं मी आणली, मला वाटलं होतं तिने.

सात महिन्यांनी ताई वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कोसळली.

डॉक्टरांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. डाव्या मनगटाला नाडी जवळजवळ लागतच नव्हती. खांद्याजवळची रक्तवाहिनी अरुंद झाली होती. "हात वर करून काम केलं की मेंदूकडे जाणारं रक्त तो हात खाली ओढून घेतो," डॉक्टर म्हणाले. "आम्ही याला स्टील म्हणतो. म्हणजे चोरी." मी खुर्चीत बसूनच राहिलो. त्यांना वाटलं, मला समजलं नाही. त्यांनी परत समजावलं.

स्टेंट टाकला, हात सुधारला. पण मेंदूच्या मागच्या भागाचं जे नुकसान झालं ते झालंच. ताईला आता डाव्या बाजूचं दिसत नाही. ओळीची सुरुवात कुठे आहे तेच सापडत नाही. शाळा सुटली. ज्या बाईने मला बाराखडी शिकवली, तिला मी पेपर वाचून दाखवतो.

त्या बांगडीवालीला मी खूप शोधलं. चौक, तारोडी ही उत्तनकडची गावं, भाईंदरचं मार्केट – बांगड्या विकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना विचारलं. अशी बाई कोणाच्या ओळखीची नाही. कोणी म्हणेल, थंड हात आणि न लागणारी नाडी तिला जाणवली असेल. मानलं. पण डोक्याचं चोरून खातो, हे तिला कोणी सांगितलं? आणि न बोलावता ती आली कशी?

मागच्या महिन्यात पेपर वाचताना मी ताईला म्हटलं, "मी तेव्हा मध्ये बोललो नसतो तर..."

ती म्हणाली, "मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जाणार होते रे. तिने हात धरला तेव्हाच मला कळलं होतं, काहीतरी बिनसलंय. पण तुझे भाऊजी गेल्यापासून माझ्यासाठी असं चारचौघांत कोणी भांडलं नव्हतं. मग वाटलं, जाऊ दे. तपासलं आणि तीच खरी निघाली, तर तू खोटा पडशील."